लग्नाआधी गोव्यात एकत्र बिऱ्हाड: भाडेकरारापासून सिव्हिल रजिस्ट्रारच्या सहीपर्यंतची कागदपत्रं

लग्न ठरलंय, मुहूर्त अजून लांब आहे आणि मध्येच दोघांपैकी एकाला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा पणजीत नोकरी लागली. दुसरं माणूस कोल्हापूर, सावंतवाडी नाहीतर पुण्याहून मागोमाग येणार. अशा जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लग्न न करता गोव्यात एकत्र राहायचं तर परवानगी किंवा नोंदणी लागते का?

लागत नाही. दोन सज्ञान माणसं आपल्या मर्जीने एका घरात राहत असतील तर तो गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २०१० सालच्या निकालांत हे स्पष्ट केलेलं आहे. गोंधळ होतो तो उत्तराखंडमुळे. तिथल्या समान नागरी कायद्यात, जो २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची आहे. गोव्यातही समान नागरी कायदा आहे, म्हणून लोकांना वाटतं की इथेही तसंच असणार. गोव्याचा कायदा पोर्तुगीज काळातला, १८६७ च्या नागरी संहितेवर उभा असलेला. त्यात लग्न, मालमत्ता आणि वारसा यांचे नियम आहेत. एकत्र राहण्याची नोंदणी नाही.

पण परवानगी लागत नाही म्हणजे कागद लागत नाहीत असं नाही. लग्न होईपर्यंत कुठलंच कार्यालय तुम्हाला जोडपं म्हणून ओळखत नाही. साखरपुड्याला सरकारदरबारी किंमत नाही. प्रत्येक दाखला, प्रत्येक बदल दोघांना आपापल्या नावावर वेगळा करून घ्यावा लागतो, आणि या सगळ्याचं मूळ एकाच कागदात आहे: भाडेकरार.

करारावर दोघांची नावं

माझं ठाम मत आहे की घर मिळवायच्या घाईत एकाच्या नावावर करार करून दुसऱ्याने ‘असंच’ राहू नये. ज्याचं नाव करारावर नाही त्याच्याकडे त्या पत्त्याचा पुरावाच राहत नाही. उद्या भांडण झालं, अपघात झाला, किंवा नाव असलेल्या माणसाची बदली झाली, तर दुसऱ्याला त्या घरात राहण्याचा कागदी आधार उरत नाही. बहुतेक वेळा हा फटका मागाहून आलेल्या मुलीला बसतो.

‘तुमचं लग्न झालंय काय?’ हा घरमालकाचा प्रश्न येणारच, मग घर म्हापशाला असो की फोंड्याला. सरळ सांगावं: ‘काकी, लग्न ठरलंय, पुढच्या वर्षी आहे. तोवर आम्ही दोघं इथेच राहणार, करारात दोघांची नावं घाला.’ काही मालक नकार देतील. त्यांना घर द्यायला भाग पाडणारा कायदा नाही, तेव्हा पुढचं घर बघायचं. पण घर मिळावं म्हणून करारात ‘पती-पत्नी’ लिहून घेऊ नका. हे मी कळकळीने सांगतो. तोच करार पंचायतीत जातो, त्यावरून दाखला निघतो, आणि काही महिन्यांनी तुम्ही सिव्हिल रजिस्ट्रारसमोर, म्हणजे लग्न नोंदवणाऱ्या तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर, अविवाहित म्हणून लग्नाचा इरादा जाहीर करायला उभे राहता. तुमचेच दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात, आणि ते निस्तरायला प्रतिज्ञापत्रं, खेटे आणि मनस्ताप.

करारातली वाक्यं साधी असावीत. उदाहरणार्थ (‘परवानाधारक’ म्हणजे जागा भाड्याने घेणारा): ‘परवानाधारक क्र. १ व परवानाधारक क्र. २ हे सदर जागा संयुक्तपणे राहण्यासाठी वापरतील. दोघांपैकी एकाने जागा सोडल्यास उर्वरित परवानाधारकास कराराची मुदत संपेपर्यंत त्याच अटींवर राहता येईल.’ हे दुसरं वाक्य आग्रहाने घालून घ्या. नात्याचा रकाना असलाच तर रिकामा सोडा किंवा ‘स्वतंत्र परवानाधारक’ लिहा. त्याखेरीज अनामत रक्कम कोणी किती दिली, वीज-पाण्याचं बिल कोणाकडे, जागा सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, आणि पंचायतीने किंवा नगरपालिकेने दिलेला घर क्रमांक. घर क्रमांक घरपट्टीच्या पावतीवरून जसाच्या तसा उतरवून घ्या. पावतीवर क्रमांकापुढे ‘अ’ आहे आणि करारात नाही, एवढ्यावरून दाखला अडतो.

गोव्यातही ११ महिन्यांचा करार सर्रास होतो. कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. नोटरीकडच्या करारावर बरीच कामं भागतात. तरी मतदार यादीसाठी भाडेकरूकडे नोंदणीकृत करार मागतात, म्हणून मालक तयार असेल तर ११ महिन्यांचा करारही तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घेणं फायद्याचं. खर्च दोघांत वाटून घ्या आणि पावतीवर दोघांची नावं येऊ द्या.

करार झाला की भाडेकरू पडताळणी. गोवा विधानसभेने २०२४ मध्ये भाडेकरूंची पडताळणी सक्तीची करणारं विधेयक संमत केलं. अर्ज पोलीस ठाण्यात द्यायची जबाबदारी मालकाची. तुमच्याकडून लागतात फोटो, ओळखपत्राची प्रत, मूळ गावचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणाची माहिती. अर्ज दोघांचाही भरला जातोय ना, हे स्वतः बघा आणि शिक्का मारलेली पोच प्रत मागून घ्या. पुढे कोणी शेजाऱ्याने तक्रार केलीच, तर हीच पोच दाखवायची.

रहिवासी दाखला: दोन वेगळे दाखले, एकच नाव

गोव्यात ‘रेसिडेन्स सर्टिफिकेट’ म्हटलं की दोन गोष्टी एकत्र होतात. एक मामलेदार कचेरीतून मिळणारा, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा, सरकारी नोकरी आणि शिक्षणातल्या राखीव जागांसाठी लागणारा. तो नव्याने आलेल्या माणसाला मिळणार नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. दुसरा, सध्या अमुक घरात राहतो एवढंच सांगणारा पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला. तुमच्या कामाचा हा.

त्यासाठी साधा अर्ज, करार, मालकाचं ना हरकत पत्र, घरपट्टीची चालू पावती, आधार आणि फोटो जोडावेत. अर्ज दोन करा, दोघांचे वेगवेगळे. पंचायत सचिव कधी कधी प्रभागाच्या पंचांची ओळख विचारतात, म्हणून आल्याबरोबर पंचांना जाऊन भेटणं चांगलं. ग्रामीण गोव्यात त्या ओळखीने अर्धी वाट मोकळी होते.

आधार, मतदान, गॅस, गाडी

आधारचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलायची सोय आई-वडील, भावंडं, पती-पत्नी अशा नात्यांसाठी आहे, होणाऱ्या जोडीदारासाठी नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या कागदावर करावं. नाव बदलायची घाई मात्र करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असं बंधन कुठल्याही कायद्यात नाही.

मतदार यादीत पत्ता बदलायला नमुना ८, पहिल्यांदा नाव घालायचं तर नमुना ६. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा स्थानिक कर्मचारी, घरी येऊन खात्री करतो. दाराबाहेर दोघांच्या नावाची पाटी असली की सोपं जातं.

घरगुती गॅस असेल तर जुन्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्या आणि मिळालेली पावती गोव्याच्या वितरकाकडे द्या. नवीन जोडणी हाती येईपर्यंत ५ किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो.

एमएच पासिंगची गाडी घेऊन येत असाल तर मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. जुन्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आधी काढा. बीएच मालिकेच्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या नोंदणीच्या गाडीला हे लागत नाही. वाहन परवाना देशभर चालतो, त्यावरचा पत्ता सवडीने बदलला तरी हरकत नाही.

बँक आणि नामनिर्देशन

घरभाडं, किराणा यांसाठी संयुक्त खातं उघडायला लग्नाचा दाखला लागत नाही. केवायसी दोघांची पूर्ण हवी, आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ हा पर्याय निवडावा. समलिंगी जोडप्यांनाही संयुक्त खातं आणि जोडीदाराचं नामनिर्देशन याला कसलाही अडसर नाही, हे केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. शाखेत कोणी नकार दिलाच, तर लेखी कारण मागा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, म्हणजे आई आणि जोडीदार दोघांनाही हिस्सा ठरवून देता येतो.

भविष्य निर्वाह निधीचं मात्र निराळं आहे. ज्याला योजनेच्या व्याख्येप्रमाणे कुटुंब नाही, तो कोणाचंही नाव घालू शकतो. पण लग्न झालं की ते नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. आणि हे रद्द होणं, नॉमिनी म्हणून जिचं नाव होतं तिच्याशीच लग्न झालं तरी होतं. नवा अर्ज भरावाच लागतो.

मुलींसाठी एक कायदा माहीत असू दे

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा ‘विवाहसदृश नात्या’लाही लागू आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघंही लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला पात्र, आपखुशीने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले, आणि समाजात जोडप्यासारखे वावरलेले. या कायद्याखाली घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. तिथे पुन्हा तो करार आणि पंचायतीचा दाखला उपयोगी पडतो. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. आणि घरच्यांकडून धोका असेल तर सज्ञान जोडप्याला पोलीस संरक्षणासाठी पर्वरीच्या उच्च न्यायालयात दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी पोलिसांना स्पष्ट निर्देश दिले आहेत.

पहिली सही, दुसरी सही

गोव्यातच लग्न नोंदवायचं ठरलं, तर महाराष्ट्रातली पद्धत डोक्यातून काढा. आधी विधी आणि मग सवडीने नोंदणी, असं इथे नाही. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोघांनी जाऊन लग्नाचा इरादा जाहीर करायचा, ही पहिली सही. मग नोटीस लागते आणि आक्षेपासाठी मुदत जाते. त्यानंतर साक्षीदारांसह पुन्हा जाऊन संमती पक्की करायची, ही दुसरी सही. कायद्याच्या दृष्टीने लग्न होतं ते तेव्हा. भटजींकडून मुहूर्त काढण्याआधी कार्यालयाच्या तारखा विचारून घ्या. नोटीस जाहीर असते हेही ध्यानात ठेवा. घरी अजून सांगितलं नसेल तर आधी सांगा.

वय मुलीचं १८, मुलाचं २१ पूर्ण. दोघांचे जन्मदाखले, स्थानिक रहिवासी दाखला, ओळखपत्रं, फोटो. आधीचं लग्न मोडलं असेल तर न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतंय का, हे गावाहून निघण्यापूर्वीच बघा. जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामाच असतो, असं आपल्याकडे फार घडतं, आणि ती दुरुस्ती जिथे जन्म नोंदला तिथेच होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोघांपैकी एक गोंयकार, म्हणजे मूळ गोव्याचा, असेल तर हे दोघांनी बसून वाचा. गोव्याच्या कायद्याने, वेगळं काही ठरवलं नसेल तर, लग्नाबरोबर दोघांची मालमत्ता समाईक होते. लग्नाआधीची, लग्नानंतरची, वारशाने येणारी सगळी, निम्मी-निम्मी. पेडण्याची काजूची बाग असो की कोल्हापूरचा फ्लॅट. गोंयकाराची गोव्याबाहेरची मिळकतही याच कायद्याखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. पुढे स्थावर विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. बायकांच्या दृष्टीने हा कायदा मोठा आधार आहे, आणि तो तसाच ठेवावा असं मला मनापासून वाटतं. पण एकाच्या डोक्यावर कर्ज असेल, किंवा पहिल्या लग्नाची मुलं असतील, तर पूर्ण विभक्त मालमत्ता किंवा फक्त आधीची विभक्त आणि पुढची समाईक, असे पर्याय कायद्यातच आहेत. त्यासाठी विवाहपूर्व करार सब-रजिस्ट्रार कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर रीतसर दस्त करून, लग्नाआधीच व्हायला हवा. लग्नानंतर तो करता येत नाही आणि बदलताही येत नाही.

दोघंही महाराष्ट्राचे असतील तर कोणता कायदा लागू होणार हे अधिवासावर, म्हणजे कायमचं घर कुठलं मानलं जातं यावर ठरतं. पहिल्या सहीआधी इथल्या दिवाणी वकिलाचा एक तास घ्या. विशेष विवाह कायद्याखाली महाराष्ट्रात लग्न करायचं असेल तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. त्यामुळे दोघांनीही आधारचा पत्ता गोव्याला आणण्यापूर्वी लग्न कुठे नोंदवायचं ते ठरवा; नाहीतर गावच्या जिल्ह्यात वास्तव्याचा पुरावा द्यायला एकाचीही कागदपत्रं उरणार नाहीत.