पॅनल आणि घाम: खान्देशच्या उन्हात दोन थरांच्या सीमेवर काय चालतं

मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात, ओट्यावर बसलेलं कोणीतरी "कितलं ऊन पडी ऱ्हायनं भो" म्हणत आत निघून जातं, पण शेतात दोन गोष्टी तेव्हाही काम करत असतात. एक म्हणजे सोलर पंपाचं पॅनल, आणि दुसरं म्हणजे त्या पॅनलच्या सावलीत टेकलेल्या माणसाचं अंग. पॅनल उजेडातून करंट काढतंय आणि अंग घाम गाळून स्वतःला वाचवतंय. कॉलेजात यातला एक विषय फिजिक्सच्या डिपार्टमेंटला शिकवतात आणि दुसरा मेडिकलला, दोघांची भेट कधी होत नाही, पण मला हे दोन्ही एकत्र वाचायला आवडतात कारण दोन्हीकडे सगळा खेळ एकाच जागी आहे, म्हणजे दोन पदार्थ जिथं एकमेकांना टेकतात त्या सीमेवर. शेताच्या बांधासारखं आहे ते, आत एकरभर पीक शांत उभं असतं आणि सगळी भानगड बांधावर होते.

आधी पॅनल घेऊ.

बऱ्याच जणांना वाटतं की जेवढं ऊन कडक तेवढी वीज जास्त. हे अर्धंच बरोबर आहे. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. पॅनलच्या मागच्या स्टिकरवर जे वॅट लिहिलेले असतात ते 25 अंश तापमानाला मोजलेले असतात, आणि आपल्याकडे हवा 45 ला असते तेव्हा पॅनल स्वतः 65-70 पर्यंत तापतं, हात लावून बघा, ठेवता येत नाही. साध्या सिलिकॉन पॅनलची ताकद दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के कमी होते. 40 अंश वर गेलं म्हणजे 14 ते 16 टक्के गेले, 5 किलोवॅटचं पॅनल सव्वाचारच्या आसपास येतं. म्हणून भर दुपारी पाण्याची धार थोडी बारीक झालेली दिसली तर दरवेळी मोटारच बिघडली असं समजू नका.

आता हे का होतं? उजेड पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याची मोकळी जागा मागं राहते, जिला होल म्हणतात. दोघांना वेगवेगळ्या बाजूला ओढून तारेपर्यंत न्यायचं, एवढंच पॅनलचं काम. पण मधेच दोघं परत भेटले तर सगळं फुकट, त्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. तापमान वाढलं की या परत भेटण्याचा वेग वाढतो, व्होल्टेज पडतं आणि त्याच्याबरोबर पॉवर पडते. आणि हे परत भेटणं सगळ्यात जास्त कुठं होतं, तर पृष्ठभागावर आणि दोन थरांच्या जोडावर.

कारण तसं साधं आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात आतल्या प्रत्येक अणूने चार शेजाऱ्यांचे हात धरलेले असतात. पृष्ठभागावर मात्र स्फटिक एकदम संपतो, वरच्या अणूंना वर शेजारीच नसतो, त्यांचे हात मोकळे लोंबकळत राहतात, आणि जाणारा येणारा इलेक्ट्रॉन त्या मोकळ्या हातात अडकतो. एका चौरस सेंटीमीटरवर असे वरचे अणू साधारण 700 लाख कोटी असतात. त्यातला लाखात एखादा जरी मोकळा राहिला तरी पुष्कळ फरक पडतो, म्हणून हा विषय इतका किचकट आहे.

ट्रान्झिस्टरचा, म्हणजे करंट चालू बंद आणि कमी जास्त करणाऱ्या इवल्या भागाचा, जन्म सुद्धा याच अडचणीतून झालाय हे मला फार भारी वाटतं. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये विल्यम शॉकली यांनी बाहेरून विद्युतक्षेत्र लावून सेमीकंडक्टरमधला, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थातला, करंट कमी जास्त करायची आयडिया काढली, हिशोब बरोबर होता पण प्रयोग चालेना. मग जॉन बार्डीन यांनी सांगितलं की इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरच अडकून बसतायत आणि बाहेरच्या क्षेत्राला आत शिरूच देत नाहीयेत. त्या पृष्ठभागाचा पिच्छा पुरवत बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटेन डिसेंबर 1947 मध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचले. पुढं 1950 च्या दशकाच्या शेवटी त्याच लॅबमध्ये मोहम्मद अटाला यांनी दाखवलं की सिलिकॉन नीट स्वच्छ करून तापवून त्याच्यावर त्याचंच ऑक्साइड वाढवलं तर ते मोकळे हात बहुतेक धरले जातात, आणि राहिलेल्यांची सोय नंतर हायड्रोजनने झाली. आज खिशातल्या मोबाईलमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर चालतात ते सिलिकॉन आणि ऑक्साइडची ही सीमा इतकी स्वच्छ करता आली म्हणून. 2000 सालचं फिजिक्सचं नोबेल मिळालेले हर्बर्ट क्रोमर तर म्हणायचे की इंटरफेस, म्हणजे ही सीमा, हाच डिव्हाइस असतो.

पॅनलमध्ये हेच वापरून जपानच्या सॅन्यो कंपनीने 1990 च्या दशकात एक युक्ती केली. सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, दोन्ही बाजूंनी हायड्रोजन असलेल्या वेगळ्या सिलिकॉनचा, ज्याच्यात अणू शिस्तीत बसलेले नसतात अशा सिलिकॉनचा, जेमतेम 5 नॅनोमीटरचा थर दिला (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). वेफर दीडशे मायक्रॉनच्या आसपास आणि हा थर त्याच्या तीस हजाराव्या भागाएवढा, पण त्याने पृष्ठभागावरचे मोकळे हात बंद केले आणि व्होल्टेज वर गेलं. आणि ज्या सेलचं व्होल्टेज मुळात जास्त त्याचं उष्णतेमुळं होणारं नुकसानही कमी, दर अंशाला 0.25 ते 0.3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्या 40 अंशांच्या हिशोबात 15 टक्क्यांऐवजी 10 ते 12. सूर्य तोच, सिलिकॉन तेच, फक्त सीमेवरचा 5 नॅनोमीटरचा थर वेगळा. आता हेटेरोजंक्शन नावाने जी पॅनल विकतात ती याच घराण्यातली. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महाजनकोचा 125 मेगावॅटचा सोलर प्लांट आहे, एवढ्या मोठ्या प्लांटला दर अंशामागं एक दशांश टक्का वाचला तरी उन्हाळ्यात तो किती होईल हे मनात करून बघा. खान्देशात पॅनल घेताना किमतीबरोबर हा टेंपरेचर कोइफिशंट विचारलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, डेटाशीटवर तो लिहिलेला असतो, फक्त कोणी विचारत नाही.

पातळ थर बनवायला कोटींचंच मशीन लागतं असंही नाही. आपल्याकडच्या युनिव्हर्सिटी आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये केमिकल बाथ नावाची पद्धत बरीच चालते. बीकरमध्ये कॅडमियमचं मीठ विरघळवायचं, अमोनिया टाकून कॅडमियमला बांधून ठेवायचं म्हणजे ते एकदम बाहेर पडत नाही, मग थायोयुरिया, आणि घासून पुसून स्वच्छ केलेली काचेची पट्टी त्यात उभी सोडायची. बाथ 70-80 अंशांपर्यंत तापला की थायोयुरिया हळूहळू गंधक सोडायला लागतो, पाण्यासारखं द्रावण आधी फिकट पिवळं होतं मग गडद, अमोनियाचा वास नाकात बसतो, आणि काच बाहेर काढून धुतली की तिच्यावर पिवळा थर धरलेला असतो. हे कॅडमियम सल्फाइड, जाडी शंभर नॅनोमीटरच्या आसपास. काचेला बोटाचा डाग राहिला असेल तर थर बरोब्बर त्याच जागी सोलून निघतो. कॅडमियम टेलुराइडच्या पातळ सोलर सेलमध्ये वर्षानुवर्षं हाच पिवळा थर खिडकी म्हणून, म्हणजे उजेड आत सोडणारा वरचा थर म्हणून, वापरला गेला, पण त्या दोघांच्या अणूंच्या अंतरात जवळपास 10 टक्क्यांचा फरक आहे, रांगा जुळत नाहीत, आणि न जुळलेल्या प्रत्येक जागी परत तेच मोकळे हात. म्हणून कॅडमियम क्लोराइड लावून सेल भाजावा लागतो, त्याने सीमेवर दोन्ही पदार्थ थोडे एकमेकांत मिसळतात आणि भानगड निवळते. कॅडमियम विषारी आहे, हे घरी करायचं काम नाही.

आता घामाकडे येऊ. हवा 45 ला आणि कातडी 35 च्या आसपास, अशा वेळी हवेकडून अंगाला उष्णता मिळतच राहते, शरीराकडे एकच रस्ता उरतो तो म्हणजे घामाचं वाफ होणं. एक लिटर घाम वाळला की 580 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो. जळगावची कोरडी हवा याला साथ देते, पण यावल रावेरकडच्या केळीच्या दाट बागेत ठिबक चालू असताना आत शिरा, तिथं ओल इतकी असते की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि ओघळलेल्या घामाचा थंडाव्यासाठी काही उपयोग नाही.

हा घाम सोडायचा हुकूम येतो सिंपथेटिक नर्व्हजकडून, म्हणजे आपण न सांगता आपोआप काम करणाऱ्या नसांकडून. भीती वाटली की छाती धडधडते ती पण यांच्यामुळंच. या नर्व्हज आणि ग्रंथी किंवा स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे फट असते, कुठं वीस नॅनोमीटर तर कुठं शंभराच्या पुढं. वीज त्या फटीपर्यंत येते आणि पुढचं काम केमिकल करतं. हे दाखवलं ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये, ऑस्ट्रियातल्या ग्राझला. दोन बेडकांची हृदयं, एकाची व्हेगस नर्व्ह, म्हणजे हृदयाला मंद करणारी नस, उत्तेजित केली, ते मंद झालं, त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर टाकलं तर नर्व्हला हात न लावता ते पण मंद झालं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. ते ॲसिटिलकोलिन निघालं, आणि 1936 चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना मिळालं. सिंपथेटिक नर्व्हजचं मुख्य केमिकल नॉरॲड्रेनलिन आहे हे 1946 मध्ये स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दाखवलं.

यात एक अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या घामाचा. घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नर्व्हज सिंपथेटिकच, पण त्या नॉरॲड्रेनलिन नाही तर ॲसिटिलकोलिन सोडतात. डेल आणि फेल्डबर्ग यांनी 1934 मध्ये मांजराच्या पंजाच्या घामावर हे सिद्ध केलं. याचा संबंध थेट कपाशीच्या फवारणीशी आहे. ॲसिटिलकोलिनचं काम झालं की ते तोडायला फटीमध्येच एक एन्झाइम बसलेलं असतं, त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं या एन्झाइमलाच बंद पाडतात, मग ॲसिटिलकोलिन साचत जातं, घामाच्या धारा लागतात, तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीत घरघर होते. फवारणाऱ्या माणसाला एवढा घाम आला तर "ऊन लागलं असेल" म्हणून भाऊला झाडाखाली बसवून ठेवू नका. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. तिथं ॲट्रोपिन देतात, ते ॲसिटिलकोलिनची पलीकडच्या काठावरची जागा अडवतं. धोतऱ्यात हेच ॲट्रोपिन असतं, म्हणून धोतरा पोटात गेलेल्या माणसाचं उलट होतं, अंग तापतं, लाल होतं, आणि घाम नाही.

केमिकल बाहेर कसं पडतं हे आणखी सुंदर आहे. ते 50 नॅनोमीटरच्या आसपासच्या इवल्या पिशव्यांत भरलेलं असतं. वीज आली की नर्व्हच्या पडद्यातली दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि मिलीसेकंदाच्या आत पिशवीचा पडदा आणि नर्व्हचा पडदा एकमेकांत मिसळून जातात. हे करणारी प्रोटीनची यंत्रणा शोधल्याबद्दल 2013 चं नोबेल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना मिळालं. सिंपथेटिक नर्व्हमध्ये तर एक नवलच आहे. तिचा तंतू ठराविक अंतरावर फुगलेला असतो, केमिकल त्या फुगवट्यांतूनच सुटतं, आणि वीज आली की प्रत्येक फुगवटा पिशवी सोडतोच असं नाही, प्रयोगांत दिसलं की शंभर वेळा वीज आली तर एखाद्या वेळीच एक पिशवी सुटते. ऐकायला कंजूषपणा वाटतो, पण एका तंतूला असे हजारो फुगवटे असतात, त्यामुळं एकूण हिशोब गुळगुळीत निघतो आणि कुठला एक फुगवटा रिकामा पडत नाही. वरून सुटलेलं नॉरॲड्रेनलिन परत त्याच नर्व्हच्या पडद्यावर जाऊन सांगतं की आता बास, तिथं अल्फा 2 नावाचे रिसेप्टर, म्हणजे केमिकल येऊन टेकायच्या जागा, असतात, आणि राहिलेलं केमिकल नर्व्ह परत आत ओढून घेते, ज्युलियस ॲक्सलरॉड यांनी हे दाखवलं. सोडणं, थांबवणं, परत घेणं, सगळं त्या एका पडद्यावर. ब्लड प्रेशरसाठी दिली जाणारी क्लोनिडिन याच अल्फा 2 वर काम करते.

एवढुसं केमिकल मोजतात कसं, तर कार्बनच्या तंतूने, केसापेक्षा कितीतरी बारीक, 5 ते 10 मायक्रॉनचा. त्याला व्होल्टेज देऊन पेशीला टेकवलं की सुटलेला नॉरॲड्रेनलिनचा प्रत्येक रेणू तंतूच्या पृष्ठभागावर दोन इलेक्ट्रॉन देतो, आणि स्क्रीनवर एका पिशवीचं एक टोकदार शिखर उमटतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क वाइटमन यांच्या गटाने मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथीच्या पेशींवर, ज्या सिंपथेटिक नर्व्हजच्याच भावकीतल्या आहेत, अशी एकेक पिशवी मोजून दाखवली. पण इथं दोन्ही विषयांची अडचण परत एक होते. तंतूच्या पृष्ठभागावर पेशीतली प्रोटीन चिकटून बसतात आणि थोड्या वेळात सिग्नल मरतो. व्हिटॅमिन सी पण तिथं येऊन इलेक्ट्रॉन देऊन जातं आणि मोजणी बिघडवतं, म्हणून तंतूला नॅफिऑन नावाच्या पॉलिमरचा पातळ थर देतात, तो ऋण भाराचा असल्यामुळं तसाच ऋण भार असलेल्या व्हिटॅमिन सी ला बाहेर ठेवतो आणि धन भाराच्या नॉरॲड्रेनलिनला आत येऊ देतो. थर फार जाड झाला तर सिग्नल उशिरा येतो, फार पातळ झाला तर घाण शिरते, आणि ही जाडी कशी साधायची यावर लॅबमध्ये अजून काम चालू आहे.