कुंडीखालचं एक मिलिमीटरचं मॉडेल

पावसाळ्यात कुंडी उचलली की खालच्या बशीत पांढरे-करडे ठिपके टुणटुण उडताना दिसतात आणि मग लगेच प्रश्न येतो, यावर कुठलं औषध मारू? काही मारू नका. हे स्प्रिंगटेल, बुरशी आणि कुजका पाला खाऊन जगतात, धडधाकट झाडाच्या सहसा वाटेला जात नाहीत, फार तर तुमचं पाणी जास्त होतंय एवढं सांगतात. आणि मॅक्रो फोटोग्राफीची, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून मोठे फोटो काढायची हौस असेल तर यांच्यासारखं मॉडेल नाही असं माझं ठाम मत आहे, फुलपाखरांमागे धावणाऱ्यांनी खुशाल धावावं.

सहा पाय असले तरी शास्त्रज्ञ यांना कीटकांमध्ये धरत नाहीत. यांच्या तोंडाचे अवयव डोक्याच्या आत दडलेले असतात, पंख नसतात, आणि मोठे झाल्यावरही हे आयुष्यभर कात टाकत राहतात. घराणं म्हणाल तर फारच जुनं, स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सापडलेला यांचा जीवाश्म साधारण 40 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे डायनासोर यायच्या कितीतरी आधीचा.

यातले लांबुळके असतात ते फार पळतात, त्यामुळे सुरुवात गोल पोटाच्यांपासून करा. ओल्या पानाच्या मागच्या बाजूला किंवा कुजक्या काडीवर सापडतात. नुसत्या डोळ्यांना टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, पण लेन्समधून बघितलं की फुगीर पोट, खाली झुकलेलं डोकं, कोपरात वाकवल्यासारख्या लांब मिशा आणि दोन्ही बाजूंना काळे डोळे, ते पण एकेक नाही तर बारीक डोळ्यांचे पुंजके, एका बाजूला जास्तीत जास्त आठ.

आता खरी गोची. साधी मॅक्रो लेन्स वन इज टू वन देते, म्हणजे एक मिलिमीटरचा प्राणी सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र उमटतं त्या पट्टीवर, पण एकच मिलिमीटरचा उमटतो, आणि मोठ्या कॅमेऱ्यातला फुल फ्रेम सेन्सर असतो 36 मिलिमीटर रुंद, मग फोटोत काय दिसणार, ठिपकाच. म्हणून कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब लावा, लेन्स उलटी बसवा, नाहीतर पुढे क्लोजअप लेन्स चढवा. पण जितकं मोठं कराल तितकी फोकसची खोली आटते. दुप्पट मोठं केलं तर एफ 8 ला (हा लेन्समधल्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर शार्प येतं, पाचपट केलं तर त्याहूनही खूपच कमी, म्हणजे डोळे शार्प आले की पोट धूसर. अ‍ॅपर्चर अजून बंद करू म्हणाल तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, सगळंच मऊ पडतं, कारण एवढ्या मॅग्निफिकेशनला एफ 8 हे एफ 8 राहतच नाही, दुपटीला ते एफ 24 सारखं वागतं आणि पाचपटीला एफ 48 सारखं. त्यामुळे लोक फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो काढतात आणि सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवतात, याला स्टॅकिंग म्हणतात. अर्थात मॉडेल गप्प बसलं तर! म्हणून चरण्यात गुंग असलेला गाठावा, तो बराच वेळ जागचा हलत नाही.

उजेड फ्लॅशचाच हवा, पण अंग चकचकीत असल्यामुळे थेट मारला तर पाठीवर पांढरा डाग उठतो. मध्ये बटर पेपर धरा, काम होतं. महागड्या लेन्सपेक्षा या कागदाने जास्त फरक पडतो, खोटं वाटत असेल तर करून बघा.

आणि उडी? ती कॅमेऱ्यात पकडायचा नाद सोडा. पोटाखाली दुभंगलेली शेपटी एका आकड्यात अडकवून दाबून ठेवलेली असते, उंदराच्या सापळ्यातल्या स्प्रिंगसारखी, आकडा सुटला की ती जमिनीवर आपटते आणि प्राणी गायब. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एड्रियन स्मिथ या संशोधकाने स्वतःच्या परसातल्या पाल्यातूनच गोल स्प्रिंगटेल गोळा केले आणि सेकंदाला 40,000 फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचं शूटिंग केलं, ते काम 2024 मध्ये छापून आलं. उडी पापणी लवायच्या कितीतरी आधी सुटते, हवेत तो मागच्या मागे कोलांट्या घेत जातो आणि त्याही सेकंदाला 368 पर्यंतच्या वेगाने! पुढच्या दिशेला एकही उडी दिसली नाही, म्हणजे हे चालण्यासाठी नाही, निव्वळ जीव वाचवून पळण्यासाठी. उतरताना कधी नुसता आपटून टप्पे खात जातो, तर कधी पोटाखालची चिकट नळी बाहेर काढून जमिनीला धरतो. हीच नळी पाणी शोषायला पण वापरतात.

बशीतल्या पाण्यावरचा फोटो मात्र नक्की काढा. यांच्या कातडीवर इतकी बारीक नक्षी असते की पाणी चिकटतच नाही, त्यामुळे बुडत नाहीत, पायाखाली पाण्याला खळगे पडतात आणि बाजूने उजेड दिला तर ते खळगे फार सुंदर दिसतात.

एवढं सामान नसेल तर मोबाइलच्या क्लिप लेन्सने मृगाच्या किड्यापासून सुरू करा, तो लाल मखमली, मोठा आणि संथ, आठ पायांचा, म्हणजे कोळ्यांचा नातेवाईक. स्प्रिंगटेलसाठी कुंडीतल्या मातीवर जुन्या लाकडाचा ओला तुकडा टाकून ठेवा आणि सकाळी ऊन यायच्या आत उलटा करून बघा, ऊन लागलं की सगळे खाली मातीत शिरतात.