ताळेबंदाची डावी बाजू

धरण बांधायला सहा-सात वर्षे सहज जातात. मग वीज विकून आणि पाणीपट्टी गोळा करून त्याचे कर्ज फिटायला आणखी वीस. बँकेत ठेव ठेवणारा माणूस मात्र वर्षा-दोन वर्षांच्या बोलीवर पैसे देतो आणि अडीनडीला मुदतीआधीच मोडून नेतो. म्हणजे साध्या व्यापारी बँकेने धरणाला कर्ज दिले, तर पाव शतक तिला एका हाताने ठेवी परत करायच्या आणि दुसऱ्या हाताने नव्या गोळा करायच्या. मध्येच एखाद्या वर्षी बाजार आटला, तर धरण अर्धवट आणि बँकही अडचणीत. शहाणी बँक म्हणून अशा कामांच्या वाटेला जात नाही. ज्या देशाला धरणे, रेल्वे, पोलादाचे कारखाने नव्याने उभारायचे असतात त्याची इथेच कोंडी होते. विकास बँक ही संस्था या कोंडीतून निघाली.

मुदतीइतकाच व्याजदरही आडवा येतो. आजपासून २५ वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत काय? दर १२ टक्के धरला तर जेमतेम ६ रुपये, ६ टक्के धरला तर २३. प्रकल्प तोच, सिमेंट तेच, पाणीही तेवढेच. नुसत्या दराने त्याची किंमत जवळजवळ चौपट होते. खतविक्रीच्या धंद्याला दोन-चार टक्क्यांचा फरक पचतो, कारण त्याचा पैसा हंगामात फिरतो. धरणाला तो पचत नाही.

यावर कोणी म्हणेल, धोका जास्त असेल तर व्याज जास्त लावा आणि द्या कर्ज, बाजार आहेच. स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थतज्ज्ञांनी १९८१ मध्ये या युक्तिवादातली खोट दाखवली. व्याज चढवत नेले की सावध, प्रामाणिक कर्जदार आधी उठून जातात. उरतात ते एक तर जुगारी, नाही तर परतफेड करण्याचा इरादाच नसलेले. म्हणून बँका एका मर्यादेपलीकडे दर वाढवण्याऐवजी सरळ नकार देतात, आणि त्या नकारात चांगले प्रकल्पही वाहून जातात.

याहून जुना मुद्दा रोझेनस्टाइन-रोडान यांचा, १९४३ सालचा. त्यांचे उदाहरण बुटांच्या कारखान्याचे होते. मागास भागात वीस हजार कामगारांचा बुटांचा कारखाना काढला, तर ते कामगार सगळा पगार काही बुटांवर उधळणार नाहीत, आणि कारखाना गिऱ्हाइकाअभावी बसेल. पण त्याच वेळी कापड, साखर, भांडी, फर्निचर असे अनेक कारखाने उघडले तर एकाचे कामगार दुसऱ्याचे गिऱ्हाईक होतात. प्रत्येक कारखाना एकटा तोट्यात, सगळे मिळून नफ्यात! एकेकटा सावकार हे गणित मांडूच शकत नाही, कारण त्याच्यासमोर एकाच कारखान्याचा अर्ज असतो. सगळे अर्ज एका टेबलावर घेऊन बसणारे कोणी तरी लागते.

इथपर्यंतचे बहुतेकांना पटते. पुढचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. विकास बँकेची चर्चा नेहमी तिने कोणाला कर्ज दिले, किती दिले, किती बुडाले यावर होते; म्हणजे ताळेबंदाच्या उजव्या बाजूवर. माझ्या मते या संस्थांचे भवितव्य डाव्या बाजूला ठरते, जिथे देणी लिहिलेली असतात. तिला पैसा कोणी दिला, किती मुदतीने, आणि तो परत मागायचा हक्क कोणाला आहे?

फ्रान्समधल्या पेरेर बंधूंना याचा धडा फार महागात पडला. त्यांनी १८५२ मध्ये पॅरिसला ‘क्रेदी मोबिलिए’ काढली. फ्रान्सपासून ऑस्ट्रिया, स्पेन आणि रशियापर्यंत रेल्वेला पैसा पुरवणारी ही बँक म्हणजे आजच्या विकास बँकांची पणजीच. आपले दीर्घ मुदतीचे रोखे विकून भांडवल उभे करायचे, असा मूळ बेत होता. त्या रोख्यांना सरकारने पुरती परवानगी दिली नाही. मग बँक चालली ती अल्प मुदतीच्या ठेवींवर आणि चढत्या शेअरबाजाराच्या भरवशावर. पुढे मार्सेलिसच्या जमीनजुमल्यात पैसा अडकला, बाजार फिरला आणि १८६७ मध्ये बँक बसली. तिच्या पैशांतून टाकलेल्या रेल्वेमार्गांवरून गाड्या त्यानंतरही धावत राहिल्या. बँक बुडाली, मालमत्ता टिकली. गडबड सगळी डाव्या बाजूची.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू. महायुद्धानंतर मार्शल योजनेखाली अमेरिकेतून धान्य, कापूस, यंत्रे येत होती. जर्मन आयातदार त्या मालाची किंमत मार्कमध्ये भरत, आणि ते मार्क अमेरिकेला न जाता देशातच एका वेगळ्या खात्यात साठत. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेच्या हाती तो पैसा कर्जाऊ द्यायला आला. कोळसा, वीज, घरे यांना कर्जे गेली, हप्ते परत आले, तेच पुन्हा दुसऱ्याला गेले. मदत म्हणून आलेला माल केव्हाच खाऊन-वापरून संपला, पण त्याच्या किमतीतून तयार झालेला निधी आजही फिरतो आहे. असा पैसा मागायला दारात कोणी येत नाही. त्याच्या जोडीला बँक बाजारात रोखे विकते, आणि त्यांना संघराज्य सरकारची हमी असल्यामुळे ते स्वस्त दराने खपतात.

या बँकेची आणखी एक खुबी तिच्या व्यवस्थापनात आहे. लहान उद्योजकाला तिच्या दारात जावे लागत नाही. तो आपल्या नेहमीच्या बँकेत अर्ज करतो, ती बँक त्याला पारखते आणि साधारणपणे बुडिताचा काही वाटाही उचलते. केएफडब्ल्यू मागून पैसा पुरवते. आपल्याकडे नाबार्ड सहकारी आणि ग्रामीण बँकांना देते ते पुनर्वित्त याच जातीचे. कर्जदाराला जवळून ओळखणारा एक आणि लांबचा पैसा असलेला दुसरा, अशी ही विभागणी. १९९९ मध्ये जर्मनीने एक लाख छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना आखली, तेव्हा स्वस्त कर्जे याच वाटेने पोचली. त्या वेळी सौर वीज इतकी महाग होती की निव्वळ हिशेबाने कोणी हात लावला नसता. पण पॅनेलचा धंदा असा की जितके जास्त बनतील तितके ते स्वस्त होत जातात. तो स्वस्ताईचा फायदा पुढे साऱ्या जगाला मिळाला. सुरुवातीच्या गिऱ्हाइकाच्या खिशात त्यातला किती पडला असेल?

पण आदर्श म्हणून नाव घ्यावे आणि तिनेच तोंडघशी पडावे, असेही घडते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली, त्याच दिवशी केएफडब्ल्यूने आधी ठरलेल्या व्यवहारापोटी सुमारे ३० कोटी युरो लेहमनला पाठवून दिले. पैसे पाठवायची व्यवस्था आपोआप चालणारी होती आणि ती थांबवायचे कोणाला सुचले नाही. एका खपाऊ वृत्तपत्राने तिला जर्मनीतली सर्वांत मूर्ख बँक ठरवून टाकले. हमीचा पैसा संस्थेला थोडे सुस्तही करतो.

जागतिक बँकेची डावी बाजू आणखी चतुर आहे. सदस्य देशांनी कबूल केलेल्या भांडवलातला दहा टक्क्यांहूनही कमी भाग प्रत्यक्ष जमा होतो. बाकीचा नुसता शब्द असतो: वेळ आलीच तर देऊ. त्या शब्दाच्या जोरावर तिच्या रोख्यांना १९५९ पासून सर्वोच्च पतमानांकन आहे, आणि तो शब्द खरा करून दाखवायची वेळ आजवर आलेली नाही.

भारताची गोष्ट या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९४८ मध्ये आयएफसीआय, १९५५ मध्ये आयसीआयसीआय, १९६४ मध्ये आयडीबीआय अशा विकास बँका निघाल्या. यांना दीर्घ मुदतीचा पैसा मिळत होता तो सवलतीचा: रिझर्व्ह बँकेच्या खास निधीतून, आणि बँका-विमा संस्थांनी नियमाने घ्यायच्या रोख्यांतून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आर्थिक सुधारणांबरोबर हा झरा आटत गेला. आता बाजारभावाने, त्याही तुलनेने कमी मुदतीने पैसा उचलायचा आणि पोलाद किंवा वीज प्रकल्पांना दहा-पंधरा वर्षांसाठी द्यायचा, हे गणित जुळेना. शेवटी आयसीआयसीआय २००२ मध्ये आणि आयडीबीआय २००४ मध्ये व्यापारी बँक झाली, म्हणजे ठेवींकडे वळली.

पण रस्त्यांची आणि वीजकेंद्रांची भूक कायम होती. ती मग व्यापारी बँकांनी भागवली, ठेवीदारांच्या अल्प मुदतीच्या पैशांतून. परिणाम मार्च २०१८ मध्ये दिसला: बँकांच्या एकूण कर्जांपैकी अकरा टक्क्यांहून अधिक थकीत. त्यात घोटाळे होते, ढिसाळ छाननी होती, रखडलेल्या परवानग्या होत्या. मुदतीची विसंगतीही होती, पण तिच्यावर मथळे झाले नाहीत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने २०,००० कोटी रुपयांचे भांडवल घालून पायाभूत सुविधांसाठी नवी विकास बँक काढली, तेव्हा सतरा वर्षांपूर्वी मिटलेला कप्पा पुन्हा उघडला गेला.

मग स्वस्त आणि लांबचा पैसा भरपूर दिला की झाले? ब्राझीलने हे करून पाहिले. तिथली विकास बँक बीएनडीईएस १९५२ ची. तिला १९८८ च्या राज्यघटनेनेच एका सक्तीच्या वर्गणीचा ठरावीक वाटा बांधून दिला आहे, आणि एम्ब्राएरची विमाने जगभर विकली जाण्यात तिच्या कर्जांचा मोठा हात आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर सरकारने तिजोरीतून तिला ४०० अब्ज रेआलहून (रेआल हे तिथले चलन) अधिक कर्ज दिले. २०१४ मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेने ठरवलेला व्याजदर ११ टक्क्यांवर असताना बीएनडीईएसच्या कर्जांचा आधारदर होता ५ टक्के. मधला फरक करदात्याच्या माथी, आणि अंदाजपत्रकात तो ठळकपणे दिसतही नव्हता.

इतका स्वस्त पैसा कोणाकडे जातो? ज्याची पत उत्तम, कागद चोख आणि ओळखी पक्क्या त्याच्याकडे. २००२ ते २००९ या काळातल्या शेअरबाजारात नोंदलेल्या ब्राझिली कंपन्यांचा अभ्यास झाला, त्यात असे आढळले की बँकेने फार वाईट कंपन्या निवडल्या नव्हत्या. उलट चांगल्याच निवडल्या होत्या. पण या कर्जांमुळे त्यांची गुंतवणूक वाढली नाही की कामगिरी सुधारली नाही. व्याजाचा खर्च तेवढा कमी झाला. एरवी बाजारातून घेतले असते तेच पैसे त्यांनी स्वस्तात घेतले. २०१८ पासून ब्राझीलने नव्या कर्जांचा दर सरकारी रोख्यांच्या बाजारभावाला बांधला.

म्हणून कर्ज मंजूर करताना विकास बँकेने विचारायचा प्रश्न ‘हा पैसा परत येईल का’ एवढाच ठेवून चालत नाही. आपण दिला नाही तर हे काम होणारच नाही का, हेही विचारावे लागते. पहिल्याचे उत्तर लेखापाल देतो, दुसऱ्याचे कोणालाच नेमके देता येत नाही. यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते: जिची थकबाकी शून्य आहे ती विकास बँक बहुधा आपले काम करत नाही, कारण इतकी सुरक्षित कर्जे कोणीही दिली असती. थकबाकी फार असेल तर तीही काम करत नाहीच. या दोहोंच्या मधली रेघ कुठे ओढायची, हाच व्यवस्थापनातला अवघड भाग.

आणि चुका दोन्ही अंगांनी होतात. साठच्या दशकाच्या शेवटी दक्षिण कोरियाला पोहांगला पोलाद कारखाना उभारायचा होता. जागतिक बँकेने प्रकल्प तपासून व्यवहार्य नसल्याचे मत दिले. गरीब देश, लोहखनिज नाही, बाजार लहान. कागदावर त्यात चूक काढणे कठीण होते. कोरियाने जपानकडून भरपाईपोटी मिळालेला पैसा वळवला, १९७३ मध्ये कारखाना सुरू झाला आणि पुढे पोस्को ही जगातली एक अव्वल पोलाद कंपनी झाली. दिलेले आणि बुडालेले कर्ज हिशेबात दिसते, न दिलेल्या कर्जातला पोस्को कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

कोरियाने मात्र स्वस्त कर्जांना एक लगाम घातला होता. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही निर्यातीच्या आढाव्याची बैठक दर महिन्याला स्वतः घेत. कर्ज घेणाऱ्या कंपनीने परदेशी बाजारात माल विकून दाखवायचा, नाही तर पुढचा पतपुरवठा आटतो. परदेशी गिऱ्हाईक कोणाच्या ओळखीला भुलत नाही, त्यामुळे ही कसोटी खोटी पाडणे अवघड होते. अशी कसोटी नसेल तर तिची जागा राजकारण घेते. उदयोन्मुख देशांत निवडणुकीच्या वर्षी सरकारी बँकांचा कर्जपुरवठा खासगी बँकांच्या तुलनेत वाढतो, हे अभ्यासांत दिसले आहे. लगाम कायम टिकतो असेही नाही. कोरियाचाच देवू उद्योगसमूह कर्जांच्या डोंगराखाली १९९९ मध्ये कोसळला.

आज जगात साडेचारशेहून अधिक सार्वजनिक विकास बँका आहेत, आणि हवामानबदलामुळे त्यांच्याकडून अपेक्षा वाढल्या आहेत. इथे एक भेद जपावा लागेल. पवनचक्की वीज विकते, तिचे कर्ज हप्त्याने फिटते. पूर अडवणारी भिंत गावे वाचवते, पण तिच्यावर टोल नाका बसवता येत नाही. ती पैसा कमावत नाही, फक्त नुकसान टाळते. भिंत गरजेची आहे म्हणून तिचा खर्च सरकारने अंदाजपत्रकातून करायचा असतो. तो तिथे दिसू नये म्हणून विकास बँकेच्या वहीत कर्ज म्हणून टाकला, तर काही वर्षांनी तीच रक्कम थकबाकीच्या रकान्यात उगवते, आणि तोवर त्या कर्जावर सही करणारे अधिकारी निवृत्त झालेले असतात.