सनस्मार्ट : ऑस्ट्रेलियातील ऊन-संरक्षण मोहीम

सनस्मार्ट : त्वचेचा कर्करोग टाळण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८८ साली सुरू झालेला आणि पुढे देशभर पसरलेला लोकशिक्षणाचा कार्यक्रम. त्याच्या आधीची पायरी म्हणजे १९८१ची ‘स्लिप! स्लॉप! स्लॅप!’ ही मोहीम.

सत्तरीला पोचेपर्यंत दर तीन ऑस्ट्रेलियन माणसांपैकी निदान दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो, असा तिथल्या कॅन्सर कौन्सिलचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक वेळीच कापून काढले की बरे होतात. मेलॅनोमा हा त्यांतला एक प्रकार मात्र पसरला तर जीव घेतो. कर्करोगाच्या या प्रमाणाचे मूळ वसाहतीच्या इतिहासात आहे. ब्रिटन-आयर्लंडच्या मवाळ उन्हाला सरावलेली गोरी कातडी विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ येऊन राहिली. शिवाय दक्षिण गोलार्धातला उन्हाळा नेमका पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा, जानेवारीच्या आसपास येतो. जुलैपेक्षा त्या वेळी पृथ्वीवर सुमारे ७ टक्के जास्त ऊन पडते. त्यात समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास पडून राहण्याची हौस. रापलेली कांती ही विसाव्या शतकात तिथे तब्येतीची आणि देखणेपणाची खूण होती. आपल्याकडे उन्हात काळवंडेल म्हणून पोरीबाळींना घरात बोलावतात, तिथे नेमके उलटे चालले होते.

१९८१ साली व्हिक्टोरियाच्या अँटी-कॅन्सर कौन्सिलने दूरचित्रवाणीवर सिड नावाचा सीगल आणला. हा कार्टून पक्षी नाचत-गात तीन गोष्टी सांगे : अंगात शर्ट चढवा, सनस्क्रीन थापा, डोक्यावर टोपी घाला. तिन्ही इंग्रजी क्रियापदे एकाच ध्वनीने सुरू होणारी, त्यामुळे लहान मुलांच्या तोंडी ती लगेच बसली. २००७ साली त्यांत आणखी दोन जोडली गेली, सावली शोधा आणि गॉगल लावा.

पण नुसत्या गाण्याने कोणी सुधारत नाही. सनस्मार्टचे खरे काम कंटाळवाण्या ठिकाणी झाले : शाळांचे नियम, अंगणावर ताणलेली कापडी छते, कपड्यांची मानके, करसवलती. प्राथमिक शाळांत ‘टोपी नाही तर खेळ नाही’ हा नियम रुळला. मधल्या सुट्टीत टोपी विसरलेले पोर मैदानात न जाता सावलीतल्या बाकावर बसते. टोपीही कुठलीही चालत नाही. क्रिकेटवाल्यांची कॅप कान आणि मान उघडी टाकते, म्हणून ती बाद; रुंद काठाची किंवा मागे मानेवर झालर सोडलेली हवी. आपला शेतकरी डोक्यावरचा पंचा मानेवर सोडतो, तीच युक्ती. उन्हात काम करणाऱ्यांना कामासाठी घेतलेल्या सनस्क्रीनचा खर्च आयकरात वजा दाखवता येतो.

लोकांच्या गळी उतरवायला सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे उष्मा आणि अतिनील किरण यांचा संबंध नसणे. अंग भाजते ते किरणांनी, आणि किरण गार वाऱ्याच्या, विरळ ढगांच्या दिवशीही तितकेच येऊ शकतात. म्हणून हवामानाच्या अंदाजात तापमानाबरोबर अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, देतात. तो ३ किंवा त्याहून वर असला की अंग झाकायचे. मेलबर्नमध्ये हा काळ साधारण ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत असतो. सनस्क्रीनचे मापही चमच्यांत सांगितलेले आहे : प्रत्येक हातापायाला एकेक, छाती-पोटाला एक, पाठीला एक, चेहरा-मान-कानांना मिळून एक, म्हणजे चहाचे सात चमचे, उन्हात जाण्याआधी वीस मिनिटे आणि मग दर दोन तासांनी. इतके कोणीच लावत नाही, हा भाग वेगळा.

सनस्क्रीनचा उपयोग होतो का, याचे सर्वांत भक्कम उत्तर क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर या गावातून आले. १९९२ साली तिथल्या १,६२१ रहिवाशांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने वाटेल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोजच्या गटात स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाचे (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार) प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसले. प्रयोग संपून दहा वर्षे लोटल्यावर मेलॅनोमाची मोजणी झाली : रोजच्या गटात ११, दुसऱ्यात २२.

कृत्रिम ऊन विकणाऱ्या सोलॅरियमांचा प्रश्न २००७ साली पेटला. क्लेअर ऑलिव्हर ही मेलबर्नची तरुणी मेलॅनोमाने मरणपंथाला लागली असताना त्यांच्याविरुद्ध जाहीरपणे बोलली आणि २६व्या वर्षी वारली. पुढे एकेक राज्य करत २०१६पर्यंत असे व्यावसायिक सोलॅरियम देशभर बंद झाले.

तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा उपदेश जसाच्या तसा लागू पडत नाही. सावळ्या-काळ्या कातडीतले मेलॅनिन हे रंगद्रव्य बरेच किरण अडवते, धोका पुष्कळ कमी असतो, आणि सतत झाकून घेतल्यास ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता होण्याची शक्यता जास्त. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी कातडीच्या रंगानुसार वेगवेगळा सल्ला जाहीर केला. सावळ्या माणसाला मेलॅनोमा झालाच तर तो बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली होतो, जिथे ऊन फारसे पोचत नाही. तिथला वाढता काळा डाग डॉक्टरला दाखवावा. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी बांधतात आणि कोपरापर्यंत हातमोजे घालतात, ते सनस्मार्टच्या कसोटीला बरेचसे उतरते, मात्र कारण धूळ आणि काळवंडण्याची भीती.

मोहिमेचे फळ वयानुसार विभागलेले आहे. तिच्याबरोबर वाढलेल्या पिढ्यांत मेलॅनोमाचे प्रमाण घटले. त्याआधी तारुण्य उन्हात घालवलेल्या म्हाताऱ्यांत ते चढेच राहिले. कच्चा दुवा आहे तो किशोरवयाचा. प्राथमिक शाळेत सक्तीने डोक्यावर असलेली टोपी माध्यमिक शाळेत गेल्यावर दप्तराच्या तळाशी जाते.