ताबा आईकडे, मग सही कुणाची?

मागच्या पावसाळ्यात एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेली घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल होती आणि तिच्यातल्या एका ओळीखाली पेनाने जाड रेघ ओढलेली होती: अज्ञान मुलाचा ताबा अर्जदार आईकडे राहील. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठरा पूर्ण न झालेला. हा मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्या नावावर त्याच्या आजोबांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, बक्षीसपत्राने एक छोटा फ्लॅट दिलेला. मायलेक राहतात दुसऱ्या गावी, त्यामुळे फ्लॅटला कुलूप आणि सोसायटीची थकबाकी वाढत चाललेली. गिऱ्हाईक मिळालं, इसार ठरला आणि घेणाऱ्याच्या वकिलाने कागद परत पाठवले. ताई वैतागल्या होत्या. "मॅडम, पोरगा कोर्टानं माझ्याकडं दिलाय. मग त्याच्या घरावर माझी सही का चालत नाही?"

कोर्टाने त्यांना ताबा दिला होता, आणि फ्लॅटच्या व्यवहारात जो प्रश्न येतो तो पालकत्वाचा. बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कायद्यात मात्र ते दोन निराळे अधिकार आहेत. ते दोन वेगळ्या माणसांकडे असू शकतात आणि त्यांसाठी कधी कधी दोन वेगळ्या कोर्टांची पायरी चढावी लागते.

ताबा म्हणजे मूल रोज कुणाजवळ राहणार. सकाळी डबा कोण भरणार, ताप आला तर रात्र कोण जागवणार. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने कायद्याने कोण उभं राहणार. अठरा पूर्ण होईपर्यंत मुलाला करार करता येत नाही, स्वतः दावा लावता येत नाही, मिळकत विकता येत नाही. त्याच्या जागी सही करणारा तो पालक. पालकत्वाचेही पुन्हा दोन भाग: मुलाच्या व्यक्तीचं, म्हणजे त्याचं शिक्षण, आरोग्य अशा गोष्टींचं, आणि मुलाच्या मिळकतीचं.

आता हा अधिकार मुळात कुणाचा? हिंदूंसाठी 1956 चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा आहे. त्याच्या कलम 6 मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक सांगितला आहे: वडील, आणि त्यांच्यानंतर आई. विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाच्या बाबतीत क्रम उलटा, आधी आई. सावत्र बाप आणि सावत्र आई नैसर्गिक पालक होत नाहीत, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. आजी, आजोबा, मामा, मावशी यांचं तर त्या यादीत नावच नाही, मग त्यांनी मूल जन्मापासून वाढवलेलं असो.

"वडील आणि त्यांच्यानंतर आई" या शब्दांनी पुष्कळ बायकांना काउंटरवरून परत पाठवलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 साली आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. अर्जावर पालक म्हणून त्यांची सही होती आणि नवऱ्याची त्याला संमती होती. नवरा-बायको एकत्र नांदत होते, भांडणाचा प्रश्नच नव्हता. तरीही बँकेने सांगितलं, वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी 1999 मध्ये निकाल लागला. न्यायालयाने कलम रद्द केलं नाही. "नंतर" याचा अर्थ "मेल्यानंतर" असा न घेता "गैरहजेरीत" असा घ्यायचा, असं ठरवलं. ही गैरहजेरी कशामुळेही असू शकते. वडील दूर आहेत, मुलाची काहीच फिकीर करत नाहीत, आजारपणामुळे करू शकत नाहीत, किंवा दोघांनी आपसात ठरवून सगळं आईकडे सोपवलं आहे. अशा वेळी वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरते.

निकाल मोठाच आहे. पण मला तो अपुरा वाटतो, आणि हे मी रोजच्या कामावरून सांगते. गैरहजेरी आहे की नाही हे न्यायाधीश पुरावा बघून ठरवू शकतो. खिडकीमागचा कारकून ते कशाच्या आधारावर ठरवणार? तो छापील कलम बघतो आणि वडिलांची सही मागतो. विधी आयोगाने 2015 च्या आपल्या 257 व्या अहवालात आई आणि वडील दोघांनाही बरोबरीने नैसर्गिक पालक माना अशी शिफारस केली. कलमाचा मजकूर मात्र होता तसाच राहिला. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा केला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण नावात आईचं नाव आलं म्हणून सहीचा अधिकार बदलला, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये.

ताब्याचं गणित वेगळं. त्याच कलम 6 मध्ये एक वाक्य आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा. या वाक्यावरून गावोगाव एक समज पसरलेला आहे: पाच वर्षं आईचं, मग बापाचं. तसं कायद्यात कुठेही नाही. मुलाने पाच ओलांडली म्हणजे कुणाला आपोआप काही मिळत नाही. पुढे मुलाचं हित कशात आहे ते बघून कोर्ट ठरवतं. कलम 13 मध्ये मुलाचं हित सर्वांत वरचं मानलं आहे आणि ते पालकाच्या हक्कालाही वरचढ आहे. दुसरा समज नऊ वर्षांचा किंवा बारा वर्षांचा. त्या वयाचं मूल म्हणेल तिकडे ताबा, असा. कायद्याने असं कुठलंही वय ठरवलेलं नाही. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. विचारात घेणं आणि त्याबरहुकूम निकाल देणं यांत फरक आहे. न्यायाधीश बऱ्याचदा मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात, आणि पढवून आणलेलं मूल अनुभवी न्यायाधीशाला चार वाक्यांत कळतं. म्हणून माझी हात जोडून विनंती असते की कोर्टाच्या आदल्या रात्री मुलाला काहीही शिकवू नका.

आणखी एक फरक. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, कुणी परगावी गेलं, तर तो बदलून मागता येतो. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच म्हटलेलं आहे. ज्याच्याकडे ताबा नाही त्याचा भेटीचा हक्क राहतोच. 2020 च्या एका निकालात न्यायालयाने भेटीबरोबर संपर्काच्या हक्काचाही उल्लेख केला, म्हणजे रोज पाच-दहा मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर बोलणं. पोटगी थकली म्हणून भेट बंद, किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद, हे दोन्ही चुकीचं. पोटगी आणि भेट दोन्ही मुलाच्या आहेत.

दोन शब्दांची गल्लत कुठे सर्वांत महागात पडते ते सांगते. नवरा-बायकोचं बिनसतं, बायको मूल घेऊन माहेरी येते आणि एके दिवशी वडील मुलाला शाळेतूनच घेऊन जातात. आई पोलीस ठाण्यात जाऊन अपहरणाची तक्रार देते. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की कोर्टाची मनाई नसेल तर वडिलांवर, ते नैसर्गिक पालक असल्यामुळे, स्वतःच्याच मुलाच्या अपहरणाचा गुन्हा लागत नाही. मूल आईकडे राहत होतं ही वस्तुस्थिती झाली. त्या वस्तुस्थितीला कोर्टाच्या हुकमाचा आधार नव्हता आणि वडिलांचं पालकत्व शाबूत होतं. म्हणून मूल जवळ आहे तोवरच तात्पुरत्या ताब्याचा अर्ज करून ठेवावा. घरात हिंसाचार झालेला असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही तात्पुरता ताबा मागण्याची सोय आहे.

याच्या उलट बाजूला आहेत मूल जिवापाड वाढवणारे नातेवाईक. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलं एक प्रकरण होतं. कर्करोगाने आई गेली आणि तान्हं बाळ तिच्या बहिणींनी सांभाळलं. वडिलांनी मूल मागितलं आणि न्यायालयाने ते त्यांना दिलं. मावशांच्या मायेबद्दल शंका नव्हती. पण वडील नैसर्गिक पालक होते, सांभाळायला सक्षम होते आणि मुलाचं हितही तिकडेच दिसत होतं. माझ्याकडे आजी-आजोबा येतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते: आईवडील दोघंही गेले असतील तर केवळ मूल जवळ आहे यावर विसंबू नका. 1890 च्या कायद्याखाली पालक म्हणून नेमणूक करून घ्या. नेमणूक नसलेल्या आजोबांना नातवाच्या मिळकतीतलं काहीही विकता किंवा गहाण टाकता येत नाही.

आता मिळकतीकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. शेतकरी घरांत सातबारा काढून बघा. बाप गेल्यावर वारसनोंद होते आणि लहान मुलांच्या नावापुढे "अ.पा.क. आई" असं लिहिलेलं असतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हा शेरा बघून बऱ्याच जणींना वाटतं की मुलांचा हिस्सा विकायला आपली सही पुरे. वडील गेल्यावर आई नैसर्गिक पालक असते हे खरंच, तिला वेगळ्या नेमणुकीची गरज नाही. पण नैसर्गिक पालकालासुद्धा, मग ती आई असो की बाप, मुलाची स्थावर मिळकत विकायला, गहाण टाकायला, बक्षीस द्यायला किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाड्याने द्यायला कोर्टाची आधी परवानगी लागते. हे त्याच 1956 च्या कायद्याचं कलम 8. परवानगीशिवाय विकली तर खरेदीखत लगेच रद्द होत नाही. पण मूल अठराचं झाल्यावर तीन वर्षांच्या आत ते रद्द करून मागू शकतं. म्हणूनच शहाणा खरेदीदार कोर्टाच्या हुकमाशिवाय इसारही देत नाही. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीला मात्र निराळे नियम आहेत, तिथे कर्त्याचे, म्हणजे कुटुंबप्रमुखाचे, अधिकार येतात. आपली जमीन कोणत्या प्रकारातली हे आधी फेरफार काढून तपासा.

आणि ही परवानगी कुटुंब न्यायालयात मिळत नाही. कुटुंब न्यायालय ताबा, भेट आणि मुलाच्या व्यक्तीचं पालकत्व बघतं. मिळकत विकण्याचा अर्ज ती मिळकत जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयाकडे जातो. माणसं घटस्फोट जिथे झाला त्याच कोर्टात पुन्हा जातात, तारखा घेतात आणि सहा महिन्यांनी त्यांना कळतं की दार चुकलं.

बाकीचं थोडक्यात. बँकेत मुलाचं खातं आईला पालक म्हणून उघडता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे. पासपोर्टला दोघांची संमती लागते. एकाची मिळत नसेल तर कारण देऊन घोषणापत्र भरता येतं. आडनावाबद्दल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडील गेल्यावर आई एकमेव नैसर्गिक पालक असते, तेव्हा मुलाने कोणतं आडनाव लावायचं हे ती ठरवू शकते. अविवाहित आईला पालकत्वाच्या अर्जात मुलाच्या वडिलांचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, हा निकाल 2015 चा.

मुस्लिम कायद्यात या दोन गोष्टींना मुळातच दोन नावं आहेत. हिजानत म्हणजे सांभाळ, तो आईचा. सुन्नी मुस्लिमांमधल्या हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. विलायत म्हणजे पालकत्व, ते वडिलांचं. वाद कोर्टात आला की तिथेही मुलाचं हित बघितलं जातं. परदेशात राहणाऱ्या मराठी जोडप्यांसाठी एवढंच: मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे तिकडच्या कोर्टाचा ताब्याचा हुकूम इथे जसाच्या तसा बजावला जात नाही; भारतीय कोर्ट तो विचारात घेतं आणि मुलाचं हित स्वतः तपासतं.

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना अटींमध्ये "ताबा आईकडे" एवढीच ओळ घालू नका. पासपोर्टवर, शाळेत, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर, बँकेत सही कुणाची चालेल हे एकेक करून लिहून घ्या. तेव्हा दोघं एका टेबलाशी बसलेले असतात. वर्षभराने समोरचा माणूस फोनही उचलत नाही.

त्या ताईंच्या बाबतीत मुलाच्या वडिलांनी हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, हे त्यांचं नशीब. आम्ही फ्लॅट जिथे आहे त्या जिल्ह्यात अर्ज केला. न्यायाधीशांनी मूल्यांकनाचा अहवाल मागवला, थकबाकीची बिलं बघितली आणि विकण्याची गरज काय, मुलाचा फायदा काय, हे ताईंनाच उभं करून विचारलं. परवानगी मिळाली ती अटींवर: थकबाकी आणि शाळेची फी वजा जाता उरलेली रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची आणि पावती कोर्टात दाखल करायची. ती पावती दाखल करायला ताई आल्या तेव्हा शाळेला सुट्टी होती म्हणून मुलगाही बरोबर आला होता. मुदत संपण्याची तारीख त्याच्या अठराव्या वाढदिवसाची आहे हे त्याने स्वतः वाचलं आणि पावती आईच्या फोल्डरमध्ये नीट सरकवून ठेवली.