'टेन्शन झेलणारा माणूस' मागण्याआधी
(शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागातल्या आमच्या कारखानदार ग्राहकांसाठी)

आम्ही कारखान्यांना कामगार पुरवतो. आठवड्यात दोन-तीन फोन असे येतातच: "माणूस द्या, पण टेन्शन झेलणारा द्या." कसलं टेन्शन, असं विचारलं की उत्तर येतं, "अहो, कामाचंच की!" घोळ इथंच सुरू होतो.

भट्टीवर सात तास काही घडत नाही आणि आठव्या तासाला एका मिनिटात सगळं घडतं. डिस्पॅचला मोठं काहीच घडत नाही, पण फोन दिवसभर वाजत राहतो. दोन्हीकडं चालेल असा गडी आम्हाला अजून सापडलेला नाही.

समजा, इंडक्शन भट्टीत चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड आहे आणि लाईट गेली. पंप बंद पडला, भट्टीभोवतीच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी थांबलं. आतली उष्णता मात्र थांबत नाही. अशा वेळी एक गडी आधी साहेबांना फोन लावतो. दुसरा वरच्या टाकीचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह उघडतो, रिटर्नच्या पाइपातून पाणी येतंय का बघतो आणि मग खिशातला फोन काढतो. म्हणून इंटरव्ह्यूत आमचा पहिला प्रश्न असतो, "लाईट गेली, हात आधी कुठं जाणार?" सर्टिफिकेट नंतर बघतो.

"मला टेन्शन येतच नाही" म्हणणाऱ्याला आम्ही भट्टीवर पाठवत नाही. ओलं भंगार वितळलेल्या धातूत पडलं तर पाण्याची झटक्यात वाफ होते आणि धातू अंगावर उडतो. हीट (एका वेळी वितळवायचा धातू) लेट होतेय म्हणून सुपरवायझर ओरडत असतानाही "हे वाळल्याशिवाय टाकणार नाही" म्हणणारा माणूस तिथं लागतो. भीती त्यालाही असते, म्हणूनच तो पावसाळ्यात भंगार आधी तपासून घेतो.

एसजी आयर्नच्या (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या बिडाच्या) पोअरिंगला, म्हणजे साच्यात ओतायला, चटपटीत हात हवा, कारण मॅग्नेशियम ट्रीटमेंटचा असर काही मिनिटांतच उतरायला लागतो. बॉयलरवर याच्या उलट. काचेतली पाण्याची पातळी पाळीभर न कंटाळता बघणारा शांत माणूस तिथं टिकतो (सर्टिफिकेट कायद्यानं लागतंच). इन्स्पेक्शनला महिनाअखेरीसही "रिजेक्ट" म्हणायची हिंमत पाहिजे.

आता ज्या चुकीत तुमचा-आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती सांगतो. काम एक सांगायचं आणि द्यायचं दुसरंच. "हेल्परचं हलकं काम आहे" म्हणून गडी मागवला जातो, तिसऱ्या दिवशी फेटलिंगला (ओतीव मालाच्या कडा घासायला) त्याच्या हातात ग्राइंडर येतो आणि चौथ्या दिवशी तो गावाकडं, फोन बंद. मग आम्हाला ऐकावं लागतं, "कसली माणसं देता हो?" गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यात भट्टीवरच्या एकाच जागेवरून अशी तीन माणसं गेली. शेवटी मी स्वतः रात्रपाळीला जाऊन उभा राहिलो. ऑपरेटरला रिलिव्हरच (जेवणापुरता जागा सांभाळणारा बदली माणूस) नव्हता, गडी एक डोळा भट्टीवर ठेवून डबा खात होता. मालकांनी रिलिव्हर दिला. चौथा माणूस अजून तिथंच आहे.

म्हणून शॉप फ्लोअर बघितल्याशिवाय आम्ही माणूस देत नाही. काहींना हे नखरे वाटतात. "दुसरा एजंट संध्याकाळपर्यंत चार माणसं आणून सोडतो," असंही ऐकवतात. सोडतो, खरं आहे. पण महिन्याभरानं त्यातली किती उरली, तेही मोजा. आमचा गडी महिन्याच्या आत सोडून गेला तर बदली माणूस मोफत. अट एकच, तो ठरलेल्या कामावरच असला पाहिजे.

फोन करताना पाळी कुठली, पाळीत किती हीट, हाताखाली कोण, ओव्हरटाइम दुप्पट दरानं देता का, एवढं हाताशी ठेवा. आणि आधीचा माणूस का गेला, हे खरं सांगा. त्यावरून आम्ही तुम्हाला नावं ठेवत नाही, आमचा एक फेरा वाचतो.

भट्टी ऑपरेटर हवा असेल तर निदान आठ दिवस आधी कळवा. शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद असतं, पण फोन लावून बघा. बहुतेक मी कुणाच्या तरी भट्टीपाशीच असतो, तेव्हा दोनदा लावा, आवाजात पहिला ऐकू येत नाही.