कातातले दुश्मन चारही बाजूंना नसतात, भाऊ

रेशीमबागच्या मैदानावर कराटेची पोरं हेइआन शोदान नावाचा काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, करतात. पोरगं डावीकडे वळून गुडघ्यासमोर हात झटकतं आणि कडेला उभा असलेला बाप विचारतो, "तिकडे कोण आहे बे?" उत्तर ठरलेलं असतं: "दुश्मन. एक डावीकडे, एक मागे, एक उजवीकडे."

पटायला सोपं आहे, पण चूक आहे. कराटेची एक शाखा असलेल्या शितो-र्‍यूचे संस्थापक केनवा माबुनी यांनी 1938 सालीच याचा खुलासा केला होता: कातातली दिशा हल्ला कुठून येतो ते दाखवत नाही. समोरच्याच्या मानाने आपण कोणत्या कोनात सरकायचं, ते दाखवते. म्हणजे दुश्मन एकच, समोरचा. आपण त्याच्या वाटेतून बाजूला होतो.

याच कातात नीट बघा. तीन वेळा हात डोक्यावर नेऊन झाले की उजवा पाय पुढे असतो. मग डावा पाय मागून फिरवत तब्बल 270 अंश वळायचं आणि तोंड उजवीकडे येतं. अहो, उजवीकडे माणूस उभा असेल तर 90 अंशात काम होतं ना! त्याच्याकडे पाठ करून गिरकी कोण घेईल? पण समोरच्याचा हात धरून हेच वळण घ्या. कंबर फिरते तसा तो ओढला जाऊन पडतो. म्हणून बरेच जाणकार या वळणाला फेक मानतात.

घरी करून बघायचं तर गादीवर, आणि जोडीदाराला आधी सांगून.